'नंतर' या एका शब्दासाठी ऑक्सफर्डचा कोश

नाशिकहून युरोपात द्राक्षे पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी सांभाळते. या कामात मला सर्वांत जास्त अडवणारा शब्द म्हणजे आपला साधा 'नंतर'. 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' मी मुख्यतः त्याच्यासाठी उघडत आले आहे, म्हणून हा अभिप्रायही तेवढ्यापुरताच आहे.

'प्रमाणपत्र मागाहून पाठवते' हे फोनवर शोभते आणि 'यथावकाश कळविण्यात येईल' हे सरकारी पत्रात. अदलाबदल झाली तर मराठी कानाला ती लगेच खटकते. इंग्रजीबाबत आपला कान तसा तयार झालेला नसतो आणि ती उणीव हा कोश बऱ्याच अंशी भरून काढतो. त्यात 'सब्सिक्वेन्टली' आणि 'देअरआफ्टर' यांना औपचारिक शब्दाची खूण आहे, तर 'लेटर ऑन'ला अनौपचारिकतेची. नुसते 'लेटर' मात्र पत्रात आणि गप्पांत सारखेच चालते. 'इन ड्यू कोर्स'चा अर्थ 'योग्य वेळी, त्याआधी नाही' असा दिला आहे. त्यामुळे हा शब्दप्रयोग आपल्या 'यथावकाश'च्या किती जवळचा आहे, हे तिथेच उमगते. 'प्रेझेंटली' या शब्दाने ब्रिटनमध्ये 'थोड्याच वेळात' आणि अमेरिकेत 'सध्या' असा बोध होतो, हे वाचल्यापासून मी तो पत्रांतून पूर्णपणे वगळला आहे.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो मात्र 'इन' या दोन अक्षरी शब्दाच्या नोंदीचा. 'दोन दिवसांनी पाठवतो' या अर्थाने मी वर्षानुवर्षे 'आफ्टर टू डेज' लिहीत होते. त्यावर एका ग्राहकाने 'म्हणजे नेमके कोणत्या दिवशी?' असे विचारले, तेव्हा दोन दिवस उलटल्यावर केव्हाही, असा अर्थ त्यातून निघू शकतो हे लक्षात आले. आजपासून मोजायचे असेल तर 'इन टू डेज' आणि घडून गेलेली हकीकत सांगताना, म्हणजे कंटेनर पोहोचला आणि दोन दिवसांनी तपासणी झाली असे लिहिताना, 'टू डेज लेटर' हा भेद कोशातील उदाहरणे शेजारी ठेवून वाचल्यावर पक्का झाला. माझ्या मते औपचारिक शब्द हुकण्यापेक्षा ही चूक अधिक महाग पडते, कारण तिथे तारीखच बदलते.

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना हा कोश तयार झाला. तो प्रथम 1942 मध्ये टोकियोत आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध झाला. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणारा माणूस कुठे अडखळतो, याची जाण त्याच्या सोप्या व्याख्यांत आजही दिसते.

छापील प्रत जाडजूड आहे. संकेतस्थळावर मात्र शब्द विनामूल्य पाहता येतात. मोठी मर्यादा ही की कोश इंग्रजी-इंग्रजी असल्यामुळे 'तदनंतर'पासून सुरुवात करून 'देअरआफ्टर'पर्यंत पोहोचता येत नाही. इंग्रजी शब्द आधी आपल्यापाशी असावा लागतो. यासाठी मी माझ्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मराठी शब्द डावीकडे आणि इंग्रजी उजवीकडे लिहून ठेवले आहेत: 'मागाहून'समोर 'लेटर', 'तदनंतर'समोर 'देअरआफ्टर', 'यथावकाश'समोर 'इन ड्यू कोर्स'. पत्र लिहायला बसले की आधी ते पान उघडते आणि मग कोश.