सर्टिफिकेट बारा, पुसलेली डिस्क एकही नाही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याने १२ जुने लॅपटॉप काढले. शहरातल्या सेकंडहँड व्यापाऱ्याने नगामागे ४०० रुपये घेऊन डेटा पुसायचं कबूल केलं, १२ सर्टिफिकेटं दिली आणि माल उचलला. महिन्याभराने सिन्नरहून एका ग्राहकाचा फोन आला: ‘साहेब, मशीन चालू केलं की तुमच्या कंपनीचं नाव आणि हा नंबर दिसतोय. बायोसचा पासवर्ड सांगता का?’ (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर.)

मग सर्टिफिकेटं नीट वाचली गेली. ‘५०० जीबी हार्ड डिस्क, तीनदा ओव्हरराइट, वेळ २० मिनिटं.’ ओव्हरराइट म्हणजे सगळ्या डिस्कवर जुन्याच्या जागी नवं लिहिणं. सेकंदाला १०० एमबी धरले तरी एका फेरीला सव्वा तासाच्या वर लागतो; तीन फेऱ्यांचे चार तास. सिरियल नंबरही लॅपटॉपच्या तळावरचे होते. खरं सॉफ्टवेअर डिस्कचा नंबर आपोआप छापतं.

प्रत्यक्षात क्विक फॉरमॅट मारून वर नवं विंडोज टाकलं होतं. क्विक फॉरमॅटने फक्त फायलींची यादी जाते, बहुतेक मजकूर तिथेच राहतो. सिन्नरच्या मशीनमधून ‘फोटोरेक’ या फुकट सॉफ्टवेअरने पगारपत्रकं आणि आधारचे स्कॅन बाहेर काढले. परत मिळालेल्या दोन एसएसडींमधून (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) काही निघालं नाही, पण ते श्रेय ‘ट्रिम’चं, म्हणजे काढलेल्या फायलींची जागा एसएसडीकडून आपोआप रिकामी करवणाऱ्या सोयीचं, व्यापाऱ्याचं नव्हे.

एसएसडीवर ओव्हरराइटचा भरवसा नसतोच. तिचा कंट्रोलर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहितो आणि राखीव भाग सॉफ्टवेअरला दिसत नाही. तिथे डिस्कमध्येच असलेली पुसण्याची आज्ञा लागते: जुनी साटा जोडणी असेल तर सिक्युअर इरेज, नवी एनव्हीएमई असेल तर सॅनिटाइज. एचपी, डेल, लेनोव्होच्या बऱ्याच बिझनेस मॉडेलांत ही सोय बायोसमध्येच असते आणि काम बहुधा काही मिनिटांत होतं. लिनक्सवरून करताना साटा डिस्क ‘फ्रोझन’ (पुसण्याची आज्ञा न घेणारी) दिसली, तर मशीन एकदा स्लीपला टाकून उठवा, बहुतेकदा सुटते.

आता त्या नावाचं. मालकाचं नाव, अॅसेट टॅग (कंपनीने मशीनला दिलेला क्रमांक), अॅडमिन पासवर्ड मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतात. डिस्क बदलली तरी हलत नाहीत. ‘बटण सेल काढला की सगळं जातं’ हा सल्ला जुन्या डेस्कटॉपचा. बिझनेस लॅपटॉपमध्ये त्याने बहुधा घड्याळच बिघडतं.

म्हणून मशीन देण्याआधी स्वतःच्या पासवर्डने बायोसमध्ये शिरा. बॅकअप घेतल्याची खात्री करून डिस्क पुसा. मग नाव आणि टॅग कोरे करा, साठवलेले बोटांचे ठसे काढा, टीपीएम (गुप्त चाव्या ठेवणारी चिप) क्लिअर करा, इंटेल एएमटी (मशीन दुरून हाताळायची सोय) चालू असेल तर अनप्रोव्हिजन करा, म्हणजे तिची मांडणी काढून टाका, फॅक्टरी डिफॉल्ट लावा. अॅडमिन पासवर्ड सर्वांत शेवटी काढा, कारण काही रकाने त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. ऑटोपायलटची (कंपनीचे लॅपटॉप आपोआप सेट करणाऱ्या सेवेची) नोंद मात्र मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. ती पोर्टलवरून काढली नाही, तर नव्या मालकासमोर तुमच्याच कंपनीचं लॉगिन येतं. सिमचा ट्रे आणि मेमरी कार्डाची खाचही बघा. हे सर्रास राहून जातं.

डिस्क पुसणं आपल्या आवारात, आपल्यासमोर व्हावं आणि पैसे नंतर द्यावेत. हेक्स व्ह्यूअरने (डिस्कवरचा कच्चा डेटा आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) हार्ड डिस्कच्या चार-पाच जागा बघायला दहा मिनिटं लागतात. शेवटची फेरी शून्यांची असेल, तर सगळीकडे शून्यच दिसायला हवीत. व्यापारी याला नाही म्हणाला, तर माल देऊ नका.

१२ पैकी तीन मशीनं सापडली. बाकीच्या नऊंच्या डिस्क कुठे गेल्या ते शोधायला नंबरच नाहीत, कारण गेटपासवरही लॅपटॉपचेच नंबर लिहिले होते.