आठ महिने नेकबँड वापरल्यावर: गाणी छान, पण कॉल का तुटत होते

दिवाळीत १,८०० रुपयांना हा नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ हेडसेट, घेतला तो मुख्यतः आईशी बोलायला. ती साताऱ्याजवळच्या गावात असते, मी पुण्यात. रोज रात्री नऊला, स्वयंपाकघर आवरता आवरता आमचं बोलणं होतं. आईला एका कानाने कमी ऐकू येतं. माझा आवाज तुटला तर ती पुन्हा विचारत नाही, नुसतं "बरं बरं" म्हणते आणि फोन ठेवते. पहिल्या पंधरा दिवसांत अशी "बरं बरं" इतकी वाढली की मला रडू यायचं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

गाण्यांबद्दल तक्रार शून्य. त्यामुळेच मी फसले. गाणी स्वच्छ वाजतात म्हणजे हेडसेट ठीक आहे आणि दोष नेटवर्कचा, असं दोन महिने धरून चालले. प्रत्यक्षात गाणं आणि कॉल यांसाठी ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या व्यवस्था असतात. गाणं एकाच दिशेने जातं आणि हेडसेट त्याचा थोडा साठा आधीच करून ठेवतो. मध्ये काही हरवलं तर ते पुन्हा मागवायला सवड असते. कॉलमध्ये दोन्हीकडचं बोलणं त्या क्षणीच पोहोचवावं लागतं, थांबायला वेळ नसतो. म्हणून जिथे गाणं अडखळत नाही तिथे बोलणं तुटतं. हे कळल्यावर मी गाणी लावून तपासणं बंद केलं आणि बहिणीला रोज पाच मिनिटांचा कॉल लावू लागले. बिचारीने एकदाही कुरकुर केली नाही.

सगळ्यात मोठा फरक पडला तो फोनच्या जागेने. माझा फोन कुर्त्याच्या उजव्या खिशात, ओट्याशी वळले की अंगाच्या आड. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं, आणि ती लहर पाण्यात शोषली जाते. माणसाच्या शरीरात तर पाणीच जास्त. फोन ओट्यावरच्या डब्यांच्या फळीवर, समोर उघडा ठेवला आणि त्याच रात्री आई सलग वीस मिनिटं बोलली. मायक्रोवेव्ह चालू असताना मात्र अजूनही खरखर येते, कारण तोही याच पट्ट्यात काम करतो. घरातला वायफायही त्याच पट्ट्यात होता. फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला, तेव्हा व्हॉट्सॲप कॉलही सुधारले.

दुसरं दुखणं वेगळं होतं. फोन वाजायचा, मी नेकबँडचं बटण दाबायचे आणि आईचा आवाज फोनच्याच स्पीकरमधून यायचा. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये हेडसेटच्या नावापुढच्या चक्रावर दाबलं, तर कॉलसाठी एक आणि मीडियासाठी एक असे वेगळे स्विच दिसले. कॉलचा बंद होता. तो कसा बंद झाला ते मला अजून कळलेलं नाही. चालू केला आणि तो त्रास गेला. कधी तरीही आवाज फोनमधूनच आला, तर चालू कॉलच्या पडद्यावर स्पीकरच्या चिन्हावर दाबून हेडसेट निवडते.

दुपारच्या कॉलचा गुंता लॅपटॉपमुळे होता. नेकबँड फोन आणि लॅपटॉप दोन्हीला एकाच वेळी जोडता येतो, ही सोय मला फार आवडली होती. पण ऑफिसची मीटिंग संपूनही मीटिंगचं ॲप लॅपटॉपवर उघडं राहिलं, की फोनवर कॉल आल्यावर आवाज मध्येच नाहीसा व्हायचा. आता मीटिंग संपली की ॲप पूर्ण बंद करते, आणि नऊच्या आधी लॅपटॉपचं ब्लूटूथही.

मार्चमध्ये फोनला अपडेट आलं आणि नेकबँड जोडलेला दिसूनही कॉल घेईना. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. त्यांनी गाणं लावून पाहिलं, "व्यवस्थित आहे" म्हणाले आणि परत दिला. मला फार वाईट वाटलं. कॉल लावून बघायला दोन मिनिटंही लागली नसती. घरी येऊन फोनमधलं नाव "विसरा" करून काढलं, पुस्तिकेत दिल्याप्रमाणे नेकबँडची जुनी जोडणीही पुसली आणि दोन्ही नव्याने जोडले. नुसत्या फोनमधून काढून भागलं नव्हतं, ते मी आधी करून पाहिलं होतं.

समोरच्याला माझा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, ही तक्रार मात्र पूर्ण गेली नाही. ब्लूटूथ कॉलमधली जुनी पद्धत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते, नंतर आलेली १६,०००. फोन आणि हेडसेट दोघांनाही नवी येत असेल तरच ती वापरली जाते. शिवाय पंख्याचा वारा थेट माइकवर आला की माझे शब्द बुडतात. पंखा एकवर ठेवते. माइकचं भोक महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने साफ करते; पिठाचे कण बसलेले निघाले, आणि त्यानंतर बहिणीने आपणहून सांगितलं की आवाज मोकळा झाला.

घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण दुकानातच स्वतःच्या फोनवर जोडून घरी एक कॉल लावा, फोन खिशात ठेवून दहा पावलं चाला. बॅटरी सुरुवातीला दोन दिवस जायची, आता जेमतेम दीड. काल आईने लोणच्याच्या कैऱ्या कशा चिरल्या ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आणि मग विचारलं, "ऐकतेस ना?" मी ऐकत होते.