श्वान पेशींसाठी एनकॅम की एन-कॅडहेरिन?

श्वान पेशी, म्हणजे मज्जातंतूंतल्या आधार देणाऱ्या पेशी, एकमेकींना आणि अक्षतंतूला (चेतापेशीच्या लांब धाग्याला) कशा धरून राहतात, यावर काम करायचं ठरलं की समोर पकडीच्या प्रथिनांची नावं बरीच येतात: एल-वन, मॅग, पी-झिरो, न्यूरोफॅसिन. पण तुमचा रस अक्षतंतूवर मायलिनचं वेष्टन चढण्याआधीच्या टप्प्यात असेल, किंवा मज्जातंतू तुटल्यानंतरच्या दुरुस्तीत असेल, तर चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. एनकॅम आणि एन-कॅडहेरिन. मी दोन्हींवर काम केलं आहे, सध्या एकावरच करतो. कुठल्या ते लपून राहणार नाही, पण तुमचा प्रश्न वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघेल, हे आधीच सांगून ठेवतो.

दोघांच्या कथा १९७७ च्या सुमारास सुरू होतात. एनकॅम जेराल्ड एडेलमन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भाच्या दृष्टिपटलातून पुढे आणलं. त्याच वर्षी मासातोशी ताकेइची यांनी दाखवलं की पेशींची पकड दोन तऱ्हेची असते, एक कॅल्शियमवर अवलंबून आणि दुसरी त्याच्याशिवाय चालणारी. कॅडहेरिन पहिल्या गटातलं, एनकॅम दुसऱ्या. एवढ्या जुन्या विभागणीचं आज काय, असं वाटेल. पण कल्चरच्या, म्हणजे भांड्यात पेशी वाढवण्याच्या, टेबलावर रोज तीच आडवी येते.

पेशीच्या आयुष्यात दोघं कुठे दिसतात यात फार डावं-उजवं नाही. एन-कॅडहेरिन गर्भातल्या श्वान-पूर्वज पेशींत भरपूर असतं आणि पेशी प्रौढ होऊ लागल्या की ओसरतं. मायलिन करणाऱ्या पेशींत पुढे त्याच कुळातलं ई-कॅडहेरिन दिसतं, तेही पेशीच्या स्वतःच्याच वेढ्यांमधल्या सांध्यांवर. एनकॅम मायलिन चढवणाऱ्या पेशी सोडून देतात, मायलिन न करणाऱ्या मात्र प्रौढपणीही जपून ठेवतात. मज्जातंतू कापला की दोन्ही पुन्हा वर येतात. म्हणजे विषय म्हणून दोन्ही सारखेच रंगतदार. निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे एनकॅमचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवण्याची चाचणी. पुस्तकातल्या आकृतीत १२०, १४० आणि १८० किलोडाल्टनवर (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) तीन नेटके बँड असतात. तुमच्या फिल्मवर मात्र, विशेषतः नमुना गर्भाचा किंवा नवजात पिल्लाचा असेल तर, १८० च्या आसपास सुरू होऊन २५० च्याही वर जाणारा एक धुरकट पट्टा उमटतो. हा पॉलिसायलिक ॲसिड या शर्करेच्या साखळ्यांचा प्रताप. या लांबलचक साखळ्या एनकॅमच्या पाचव्या इम्युनोग्लोब्युलिन भागावर लटकतात, प्रत्येक रेणूवर वेगवेगळ्या लांबीच्या, त्यामुळे प्रत्येक रेणू जेलमध्ये आपल्या मर्जीने थांबतो. मोजायचं काय? पट्टा जास्त गडद झाला म्हणजे प्रथिन वाढलं, की साखळ्या आखूड झाल्यामुळे तेच प्रथिन एका जागी गोळा झालं? एंडो-एन हे विकर देऊन साखळ्या छाटल्या की बँड सुटे होतात, हे खरं. पण छाटल्यावर जे मोजता ते पेशीच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष काम करणारं एनकॅम नव्हेच. साखळ्या असताना पकड सैल असते, नसताना घट्ट. आणि तुम्हाला तर पकडच समजून घ्यायची आहे.

त्यात अक्षतंतूंसोबतचं सहकल्चर (दोन्ही एकाच भांड्यात) असेल तर आणखी गोंधळ. एनकॅम अक्षतंतूवरही आहे आणि श्वान पेशीवरही. १८० चं रूप मुख्यतः चेतापेशींचं, १२० चं ग्लियाचं (श्वान पेशींसारख्या आधारपेशींचं), १४० चं दोघांचं, हा ठोकताळा हाताशी असतो. पण त्या धुरात १८० आणि १४० वेगळे करता आले तरच तो उपयोगी. माझ्या जेलांत ते सहसा आले नाहीत. कुणाच्या हाताला येत असतील, तर माझा आक्षेप तेवढ्यापुरता मागे.

आता एन-कॅडहेरिनची खोड. ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) आणि ईडीटीए देऊन भांड्यातून पेशी उचलल्या की कॅडहेरिनचा बाहेरचा भाग साफ कापला जातो, कारण ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि कॅल्शियमविना हे प्रथिन ट्रिप्सिनपुढे उघडं पडतं. ताकेइचींना याचाच सुगावा लागला होता: बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेतल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं, क्योटोतल्या द्रावणात नव्हतं, आणि तेवढ्यावरून पेशी पुन्हा गोळा होतात की नाही ते ठरत होतं. आपल्यालाही तोच अनुभव येतो. ताज्या लावलेल्या पेशी फोडून त्यांचा अर्क (लायसेट) केला की बँड फिका. रात्रभर थांबा, प्रथिन पुन्हा तयार होतं, बँड परत येतो. घाई असेल तर ट्रिप्सिनमध्ये ईडीटीएऐवजी थोडं कॅल्शियम ठेवा. आणि पेशी फिक्स करण्याआधी कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने (धुण्याच्या खारट द्रावणाने) धुऊ नका. सांधे त्या दोन धुण्यांतच सैल पडतात आणि मग अँटिबॉडीवर उगाच संशय येतो.

त्रास दोन्हीकडे आहे, नाही असं नाही. पण कॅडहेरिनच्या त्रासाला वेळापत्रक आहे. तो कधी येणार, किती वेळ राहणार, हे ठाऊक असतं. शिवाय तीच खोड प्रयोगात कामाला येते: माध्यमातलं कॅल्शियम उतरवा, मॅग्नेशियम राहू द्या, म्हणजे पेशी भांड्याच्या तळाला दिलेल्या लॅमिनिन प्रथिनाच्या थरावर बऱ्याचशा टिकून राहतात पण आपसातली पकड सोडतात, कॅल्शियम परत द्या, पकड परत. एनकॅमला असं बटण नाही.

सूक्ष्मदर्शकाखालचा फरक मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. एनकॅम रंगवलं तर सगळी पेशीच चुना फासल्यासारखी उजळते. एन-कॅडहेरिन मात्र दोन श्वान पेशींची टोकं जिथे भिडतात तिथे बारीक, तुटक रेघ काढतं. ती रेघ किती लांब, किती अखंड, हे डोळ्यांनाही कळतं. २०१० मध्ये तुटलेल्या मज्जातंतूत श्वान पेशी रांगा कशा करतात ते उलगडलं, तेव्हा कळीचा मुद्दा हाच होता: फायब्रोब्लास्टचा (संयोजी ऊतीतल्या पेशीचा) स्पर्श झाला की सॉक्स-२ या जनुकं नियंत्रित करणाऱ्या प्रथिनामार्फत एन-कॅडहेरिन पेशींच्या सांध्यांवर येतं. पातळी किती वाढली यापेक्षा ते कुठे बसलं यावर सगळी मदार. असा प्रश्न धुरकट पट्ट्यातून विचारताच येत नाही.

एनकॅमच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. उंदरांवर काम करायचं असेल तर ते फार सोयीचं: एनकॅम काढून टाकलेले उंदीर जगतात, त्यांचा घ्राणकंद (मेंदूतला वासाचा भाग) लहान राहतो एवढंच ठळक दिसतं. एन-कॅडहेरिन पूर्ण काढलं तर गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास हृदयाच्या दोषाने दगावतो, म्हणजे फक्त श्वान पेशींत जनुक बंद करणाऱ्या उंदरांच्या प्रजननात वेळ घालवणं आलं. पण एनकॅमची तीच सौम्यता नंतर नडते. ते नसताना एल-वनसारखं दुसरं कुणी भार उचलत असेल, तर ‘फरक दिसला नाही’ या निकालाचं करायचं काय?

आणि तुमच्याकडे फक्त माणसाच्या ऊतींचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले नमुने) असतील, तर एवढा विचारही करू नका. सीडी-५६ या नावाने एनकॅमच्या अँटिबॉडी पॅथॉलॉजीत रोज वापरल्या जातात आणि तिथे पट्ट्याचा प्रश्नच येत नाही. जिवंत पेशींवर काम असेल तर मात्र मी तरी एन-कॅडहेरिनकडेच बोट दाखवेन. तरीही एनकॅमच घ्यायचं ठरलं, तर पहिल्याच जेलमध्ये एकाच नमुन्याच्या दोन लेन चालवा, एक एंडो-एन दिलेली आणि एक न दिलेली. त्या दोन लेन शेजारी पाहिल्यावर उरलेल्या अँटिबॉडीची ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवा.