आईच्या गोळ्यांची पाकिटं: पाचपैकी साडेतीन तारे

आई ज्या केअर सेंटरमध्ये आहे, तिथे औषधं पुरवणारं दुकान एका वेळच्या गोळ्या एका छोट्या पाकिटात बंद करून देतं. वर आईचं नाव, तारीख, वेळ, प्रत्येक गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम. सहा महिन्यांत रात्रीची गोळी सकाळी दिली गेली, असं एकदाही झालं नाही. घरी मी देत होते तेव्हा दोनदा झालं होतं!

सगळंच पाकिटात कोंबत नाहीत, हे मला आवडलं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळ काचेच्या बाटलीतच येते. बाहेर काढून ठेवली की तिचा जोर उतरतो. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनही वेगळी, कारण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती तपासणी) बघून तिचा डोस बदलतो.

तक्रार एकच, पण मोठी. डॉक्टरांनी बीपीची गोळी बंद केली, तरी आधी भरलेली चार दिवसांची पाकिटं परत न्यायला कुणी फिरकलं नाही. सिस्टर बिचाऱ्या पाकीट फाडून ती गोळी शोधत बसायच्या. पांढऱ्या, गोल, सगळ्या सारख्याच दिसतात हो! मी फोनवर आवाज चढवला तेव्हा दुसऱ्या दिवशी नवी पाकिटं आली. आणि छपाई जरा ठळक करा, आईला स्वतः वाचून बघायचं असतं.