पिंडी की रस्सेदार? छोले कुकरला लावण्याआधी

आमच्या घरात छोल्यांवरून दोन तट आहेत. एकीकडे बायको, मुलगी आणि सासूबाई. त्यांना कांदा-टोमॅटोचा लालसर रस्सा हवा. दुसरीकडे मी एकटा. मला पिंडी छोले लागतात, म्हणजे काळपट, सुके, कांदा-टोमॅटोला उंबऱ्याबाहेर ठेवून केलेले. दोन्ही प्रकार शिजवतो मात्र मीच. रविवारी चार माणसं जेवायला येणार आहेत आणि काय करावं ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. चणे रात्रभर भिजवायचे वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

पिंडी छोले मला भेटले दिल्लीत. ओल्ड राजेंद्र नगरात स्पर्धा परीक्षांसाठी गेलेल्या मराठी पोरांची गर्दी असते, त्यातलाच मी एक. (परीक्षेचं काय झालं ते विचारू नका. छोले शिकलो.) ती वसाहत फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांची. आमच्या घरमालकीणबाईंचं सासर मूळ रावळपिंडीचं, आणि पिंडी छोल्यांतली पिंडी ती हीच. मेसच्या डब्याला विटून मी अधूनमधून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो. एकदा भोळेपणाने विचारलं, "आंटी, टमाटर कब डालेंगे?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "टमाटर डालने हैं तो राजमा बना ले, बेटा."

दोन्हींतला खरा फरक रंगाचा नाही. रस्सेदार छोल्यांत चव रश्श्यात असते आणि चणा त्यात पोहत असतो. पिंडीत चव दाण्यातच शिरवावी लागते. म्हणून तयारी कुकरपासूनच सुरू होते. पाव किलो चण्यांना मीठ, मसाला वेलची, दालचिनी, लवंग, तमालपत्र, फडक्यात बांधलेली चमचाभर चहापत्ती आणि आवळकाठीचे तीन-चार तुकडे. चहा आणि आवळा दोन्ही तुरट, त्यातूनच तो काळपट रंग येतो. नंतर लोखंडी कढईत टाकलेत तर आणखी गडद होतो. खायचा सोडा घालायचाच असेल तर चिमूटभर. जास्त झाला की सालं सुटून वर तरंगतात आणि तोंडात साबणासारखी चव राहते.

शिजलेले चणे निथळून कढईत पसरायचे, पाणी ठेवून द्यायचं. वरून भाजलेले धणे-जिरे, अनारदाना, मिरी, थोडा ओवा, लाल तिखट, पादेलोण, आमचूर आणि चुरलेली कसुरी मेथी. या कोरड्या मसाल्याच्या ढिगावर आल्याच्या काड्या आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या ठेवायच्या, आणि धूर येईपर्यंत तापवलेलं तूप ओतायचं. चर्र आवाज झाला की झाकण. मग हलक्या हाताने ढवळून, राखलेलं पाणी पळीभर शिंपडून, दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर. बस. परतण्याचं काम जवळपास नाहीच.

रस्सेदार छोल्यांची कृती सांगत बसत नाही, ती प्रत्येक घरात आहे. त्यांच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. सगळं सामान घरात असतं. भाताबरोबर चालतात, पुरीबरोबर चालतात, ऐनवेळी दोन माणसं वाढली तर वाटीभर पाण्याने वेळ निभावते. चणा थोडा कमी-जास्त झाला तरी रस्सा पोटात घालतो. आणि लहान मुलं काळे छोले बघून नाकं मुरडतात, हे मी नाकारत नाही. आमच्या कन्येने पहिल्यांदा पाहिले तेव्हा "बाबा, जळले का?" असंच विचारलं होतं.

एवढं असूनही मी पिंडीकडे वळलो ते एका गोष्टीच्या वैतागाने. रस्सेदार छोले आळतात.

आपल्याकडे पाहुणे दीडचे सांगितले की अडीचला येतात. मी अकराला छोले उतरवतो, तेव्हा रस्सा अगदी मनासारखा असतो. वर तेलाचा तवंग, पळीतून सरळ पडणारा. घट्टपणासाठी थोडे चणे ठेचलेले असतातच. त्यातलं पीठ निवता निवता आपलं काम करत राहतं. बारापर्यंत आमटीचं पिठलं व्हायला लागतं. मग आधणाचं पाणी घालायचं. पाणी घातलं की मीठ कमी पडतं. मीठ घातलं की तिखट मागे राहतं. तिखट, मसाला वरून घातला की तो कच्चा लागतो, म्हणून पुन्हा उकळी. उकळी आली की पुन्हा आळायची तयारी. पाहुण्यांनी ताटं घेईपर्यंत मी तीनदा पाणी घातलेलं असतं, आणि जे वाढलं जातं ते अकराला चाखलेलं नसतंच. एकदा साडूंनी दुसरी वाटी घेत "सांबार छान झालंय" म्हटलं. ते थट्टा करत होते की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

कुणी म्हणेल, रस्सा मुळात पातळ ठेवा. ठेवून पाहिला. मग अकराला चण्यांचं पाणी आणि अडीचला छोले, असा प्रकार होतो, आणि पाहुणे त्या दिवशी नेमके वेळेवर येतात.

पिंडीला आळायला रस्साच नाही. सकाळी करून झाकून ठेवा, वाढायच्या आधी चण्याचं राखलेलं पाणी दोन पळ्या शिंपडून गरम करा, दाणे परत चमकतात. उलट तीन-चार तास मुरल्यावर ते जास्त चांगले लागतात असं माझं मत आहे. मोजमाप काही नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यात नेलेले पिंडी छोले ऑफिसात मी कधी पूर्ण खाऊ शकलेलो नाही, ते वाटले जातात.

आता पिंडीची खोडही सांगायला हवी. तिथे लपायला जागा नसते. चणा जुना असेल, वर्ष-दोन वर्षं गोदामात पडलेला, तर तो कितीही शिट्ट्या देऊन आत खडखडीत राहतो आणि सगळा पदार्थ उघडा पडतो. बोअरच्या जड पाण्यात हे जास्त होतं. आम्ही भिजवायलाही पिण्याचं पाणी वापरतो, आणि त्यातच मीठ घालतो, सालं मऊ होतात. (रश्श्यातही कच्चा चणा सुधारत नाही हं. टोमॅटोच्या आंबटपणात गेला की तो आहे तसाच हट्टाने राहतो.) आवळकाठी एक तुकडा जास्त झाली तर कडवटपणा येतो, तो साखरेनेही जात नाही. चहाची पुरचुंडी नीट बांधा. माझी एकदा कुकरमध्ये सुटली आणि पाव किलो चण्यांतून चहापत्ती वेचायला मी अख्खं कुटुंब बसवलं. आणि तूप. तुपात हात आखडला तर मसाला कोरडा राहून घशात ठसका लागतो.

अनारदान्याला मात्र पर्याय नाही. हिमाचल-जम्मूकडच्या जंगली आंबट डाळिंबाचे ते वाळवलेले दाणे. आपलं सोलापूरचं डाळिंब गोड, ते वाळवून काही उपयोग नाही. नुसत्या आमचुराने आंबटपणा येतो, पण तो सपाट असतो. दाणे भाजून बारीक कुटा, नाहीतर बी दातात अडकते.

मधला मार्ग म्हणून मी पिंडी मसाल्यात एक कांदा आणि एक टोमॅटो परतूनही पाहिलं आहे. बऱ्याच हॉटेलांत पिंडी म्हणून हेच मिळतं, चहाच्या पाण्याने काळं केलेलं. वाईट नाही लागत. पण आंटींच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला ते धड हेही नाही आणि धड तेही नाही असं वाटतं. आणि दिल्लीत गाडीवर खाल्लेल्या कुलच्याची आठवण काढून छोले करणार असाल तर जरा थांबा. तिथे बहुतेक ठिकाणी कुलच्याबरोबर पांढऱ्या वाटाण्याचा मटरा असतो, आपल्या रगड्याचा चुलतभाऊ. तो हवा असेल तर काबुली चणे भिजवूच नका.

ठरवायचंच तर असं बघा. जेवणात भात मुख्य असेल, पंगत दहाच्या पुढे असेल किंवा लहान मुलं जास्त असतील, तर रस्सेदार करा आणि पाहुण्यांना वेळेवर यायची ताकीद द्या. भटुरे, कुलचे किंवा जाडसर पराठे असतील, आणि तुम्हालाही लोकांबरोबर बाहेर बसायचं असेल, तर माझा कल उघड आहे. आमच्याकडे हल्ली महिन्यातून तीनदा पिंडी आणि एकदा रस्सेदार असा तह झालाय. सासूबाई पिंडीवर कच्चा कांदा आणि लिंबू घेऊन खातात आणि "बरे आहेत" म्हणतात. हे त्यांचं सर्वोच्च प्रमाणपत्र.

आणि पिंडी ठरलेच, तर आवळकाठी शनिवारीच आणून ठेवा. ती काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, आणि आमच्या भागातलं तरी ते दुकान रविवारी बंद असतं.