क्रिप्टो एस्क्रो: कंपनीच्या हातात द्यायचा की तीनपैकी दोन सह्यांवर ठेवायचा?

एस्क्रो म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे मध्येच कुठेतरी अडकवून ठेवणं, हे माहीत आहे असं धरूनच चालतो, नाहीतर तुम्ही हे वाचायला आलाच नसता. बिटकॉइन एकदा गेला आणि कन्फर्म झाला की कुणाला फोन करून तो परत येत नाही, म्हणून आधी पैसे की आधी काम हे भांडण इथे जरा जास्तच टोकाला जातं. मी कोड लिहून देतो, मधूनमधून डोमेन विकतो-घेतो, मोबदला बऱ्याचदा बिटकॉइनमध्ये असतो, त्यामुळे यातले बहुतेक प्रकार वापरून झालेत. कुणी विचारलं की मी लगेच अमुकच घ्या असं म्हणत नाही, पण माझं मन कुठे झुकलंय ते खाली कळेलच.

ग्रुपमधला 'विश्वासू मिडलमन' हा प्रकार मी तुलनेत धरतच नाही. तो माणूस प्रामाणिक असला तरी त्याचाच फोटो लावून, नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून बसलेला दुसरा कुणीतरी तुम्हाला आधी मेसेज करतो आणि घाईत ते अक्षर दिसत नाही. सोडा तो विषय.

तर खरी निवड दोघांतली. एक म्हणजे कस्टोडियल एस्क्रो, घेणारा कंपनीच्या ॲड्रेसवर (बिटकॉइनचा खातेक्रमांकच म्हणा) पैसे टाकतो, काम झालं की कंपनी विकणाऱ्याला सोडते, भांडण झालं तर कंपनीच निकाल देते. दुसरा म्हणजे मल्टिसिग, पैसे अशा ॲड्रेसवर जातात की जिथून हलवायला तीन कींपैकी (की म्हणजे सही करायची गुप्त डिजिटल किल्ली) दोन सह्या लागतात, एक की घेणाऱ्याची, एक विकणाऱ्याची, एक मध्यस्थाची. सगळं सुरळीत झालं तर घेणारा-विकणारा दोघं सही करतात आणि मध्यस्थाला काही करावंच लागत नाही. बिनसलं तर मध्यस्थ ज्याची बाजू खरी वाटेल त्याच्यासोबत सही करतो.

कस्टोडियलचं आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. समोरच्याला काही शिकवावं लागत नाही, लिंक पाठवली, त्यानं पैसे टाकले, झालं. डिस्प्यूट बघणारी माणसं रोज तेच बघत असतात, त्यामुळे खोटा स्क्रीनशॉट त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर ओळखू येतो. आणि सगळ्याच कंपन्या पळून जातात असंही नाही. फिनलंडची लोकलबिटकॉइन्स २०१२ पासून कस्टोडियल एस्क्रोच चालवत होती, २०२३ च्या फेब्रुवारीत बंद करायचं ठरवलं तेव्हा लोकांना पैसे काढून घ्यायला वर्षभर दिलं. व्यवस्थित बंद केलं. त्याच्या उलट टोक म्हणजे २०१५ च्या मार्चमधला इव्होल्यूशन नावाचा डार्कनेट (इंटरनेटच्या छुप्या भागातला) बाजार, आधी काही दिवस 'तांत्रिक अडचणीमुळे' विथड्रॉवल अडकले आणि मग चालवणारेच एस्क्रोतल्या बिटकॉइनसकट गायब झाले. दोन्हीकडे बाहेरून दिसणारी यंत्रणा तीच, पैसे त्यांच्याकडे आणि तुमच्याकडे एक आकडा. फरक फक्त चालवणाऱ्यांच्या नियतीचा, आणि नियत आधी तपासता येत नाही.

पण माझं मत बदललं ते असल्या मोठ्या बातम्यांनी नाही, एका फालतू वाटेल अशा गोष्टीनं.

एका डोमेनच्या सौद्यात मी विकणारा होतो. घेणाऱ्यानं पैसे टाकले, साइटवर हिरवं कुलूप आलं आणि खाली 'रक्कम एस्क्रोमध्ये सुरक्षित'. मला ॲड्रेस दिसला की तो ब्लॉक एक्सप्लोररमध्ये (कुठल्याही ॲड्रेसचे व्यवहार दाखवणारी साइट) टाकून बघायची खोड आहे, तसा टाकला. पैसे आलेले दिसले, कन्फर्म झालेले दिसले. दुसऱ्या दिवशी सहज परत बघितलं तर बॅलन्स शून्य. त्या ॲड्रेसवरून पैसे निघून भलत्याच एका ॲड्रेसवर गेलेले, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आणखी ढीगभर ॲड्रेसवरून आलेले पैसे, सगळे एका जागी गोळा. आणि इकडे साइटवर हिरवं कुलूप तसंच, रक्कम एस्क्रोमध्ये सुरक्षित.

यात चोरी नव्हती हे लगेच सांगतो. सगळ्या ग्राहकांचे पैसे एका मोठ्या वॉलेटमध्ये ओढून घेणं ही या धंद्यातली नेहमीची पद्धत आहे, त्याला स्वीप करणं म्हणतात, एक्स्चेंजही तेच करतात. मला ते माहीत नव्हतं असंही नाही. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या सौद्याच्या ॲड्रेसवर शून्य बघणं वेगळं. मी सपोर्टला साधं विचारलं की माझ्या सौद्याचे पैसे आत्ता कुठल्या ॲड्रेसवर आहेत. उत्तर आलं, तुमची रक्कम पूर्णपणे सुरक्षित आहे, आणि तिकीट बंद. परत उघडून विचारलं, कुठे आहे ते सांगा. यावेळी दुसऱ्या नावाच्या माणसानं तेच वाक्य पाठवलं, स्वल्पविरामासकट. सौदा नीट पार पडला, पैसे मिळाले, माझी पैशाची तक्रार काहीच नाही, म्हणून कंपनीचं नावही घेत नाही. पण डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. ते मोठं वॉलेट उद्या रिकामं झालं तरी माझ्या स्क्रीनवरचं कुलूप हिरवंच राहणार, कारण ते कुलूप म्हणजे त्यांच्या डेटाबेसमधली एक ओळ आहे, त्याचा नाण्यांशी थेट काही संबंध नाही. माउंट गॉक्स या एक्स्चेंजवर २०१४ मध्ये लोकांना आपापले बॅलन्स व्यवस्थित दिसतच होते की, आणि नंतर कळलं साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन जागेवर नाहीत. (त्यातले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले, तो भाग वेगळा.)

हल्ली काही कंपन्या राखीव साठ्याचा पुरावा दाखवतात, नाही म्हणत नाही, पण तो त्या एका क्षणाचा फोटो असतो आणि देणं किती आहे ते त्यात बहुतेक वेळा अर्धवटच कळतं.

मल्टिसिगमध्ये माझी ही कटकट संपली. तिघांच्या पब्लिक की (कीचा उघड भाग, त्यानं सही करता येत नाही) वॉलेटमध्ये टाकायच्या, मी स्पॅरो वापरतो, इलेक्ट्रमही चालतं, आणि त्यातून एक ॲड्रेस तयार होतो, नेहमीचा ४२ अक्षरी नाही तर ६२ अक्षरी लांबलचक. तोच ॲड्रेस तिघांनी आपापल्या मशीनवर स्वतः बनवून बघायचा. जुळला तरच पैसे टाकायचे. मग एक्सप्लोररमध्ये कधीही बघा, पैसे तिथेच असतात, दोन सह्या पडेपर्यंत हलत नाहीत, सपोर्टला विचारायची गरजच राहत नाही. मध्यस्थ आजारी पडला, त्याची साइट बंद झाली, त्याचा सर्व्हर कुणी फोडला, तरी तुम्ही दोघं मिळून पैसे काढू शकता. माझ्या मते ही एवढी एकच गोष्ट बाकी सगळ्यांवर भारी आहे, अर्थात ज्याची पैसे अडकायची भीती कमी आणि किचकटपणाची भीती जास्त त्याला तसं वाटणार नाही, आणि त्याचंही चूक नाही.

कारण किचकट तर आहेच. पहिलं म्हणजे तीनपैकी दोन सह्या याचा अर्थ कुठलेही दोन. समोरचा आणि मध्यस्थ एकमेकांचे निघाले की तुमचा खेळ खलास, आणि सगळं अगदी नियमानुसार. त्यामुळे समोरच्यानं आग्रहानं सुचवलेला मध्यस्थ मी घेत नाही, तो मला आधीपासून माहीत असला पाहिजे किंवा दोघांनाही सारखाच परका. दुसरं, काही साइट 'आम्ही मल्टिसिग आहोत' म्हणतात आणि तुमची की त्यांच्याच पानावर, ब्राउझरमध्ये तयार करून देतात. अशा वेळी तुमची की नक्की कुणाकडे आहे हे तुम्हाला कसं कळणार? तीनही की एकाच सर्व्हरवरून फिरून आल्या असतील तर तो कस्टोडियलच, नुसता कपडे बदललेला. की आपल्या वॉलेटमध्ये बनवायची आणि बाहेर फक्त पब्लिक की द्यायची, तीही त्या सौद्यापुरती नवी, नाहीतर समोरच्याला तुमचे बाकीचे व्यवहारही वाचता येतात.

तिसरं बॅकअपचं, आणि इथे चांगले चांगले लोक गोंधळतात. नुसते सीडचे (वॉलेट परत उभं करायचे) शब्द लिहून ठेवून भागत नाही. दोन सह्या हातात असल्या तरी तिसऱ्याची पब्लिक की नसेल तर तो ॲड्रेस परत उभाच करता येत नाही आणि पैसे समोर दिसत असून निघत नाहीत. वॉलेटची ती छोटी सेटअप फाइल, ज्यात तिन्ही पब्लिक की असतात, ती तिघांनीही जपून ठेवायची.

आणि मल्टिसिग म्हटलं की डोळे मिटायचे असंही नाही. बायबिट एक्स्चेंजचं प्रकरण घ्या, २०२५ च्या फेब्रुवारीत सुमारे चार लाख इथर (इथरियमचं नाणं) गेले आणि तिथे मल्टिसिगच होतं, सह्या करणारी माणसंही खरी होती. हल्लेखोरांनी सही करायच्या वेबपानातच फेरफार केला होता, स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही पडत होती भलत्यावरच. म्हणून लॅपटॉपवर काय दिसतंय त्याला मी अर्थ देत नाही, हार्डवेअर वॉलेटच्या (की सांभाळणारं वेगळं छोटं यंत्र) त्या बोटभर स्क्रीनवर ॲड्रेस आणि रक्कम वाचतो, पहिली-शेवटची चार अक्षरं बघून सोडत नाही. बिटकॉइनमध्ये ते वाचता तरी येतं, इथरियमच्या कॉन्ट्रॅक्ट कॉलमध्ये (नेटवर्कवरच्या प्रोग्रॅमला दिलेल्या हुकमात) बऱ्याचदा नुसतं अगम्य हेक्स समोर येतं आणि माणूस कंटाळून ओके दाबतो.

मध्यस्थच नको असेल तर दोनपैकी दोन सह्यांचा प्रकार आहे. बिस्क, म्हणजे लोकांनी थेट एकमेकांशी बिटकॉइनचे सौदे करायचं ॲप, २०१९ पासून त्या वाटेनं गेलं, त्याआधी तिथे तिसरी की आर्बिट्रेटरकडे असायची. दोघंही डिपॉझिट ठेवतात, त्यामुळे पळून जाण्यात दोघांचाही तोटा, आणि काहीच जमलं नाही तर ठराविक मुदतीनंतर पैसे तिसऱ्याच ठरवलेल्या ॲड्रेसवर जातात. कल्पना छान आहे. पण २०२० च्या एप्रिलमध्ये याच मुदतीनंतरच्या ॲड्रेसमध्ये कुणीतरी स्वतःचा ॲड्रेस घुसवला आणि सात जणांचे मिळून सुमारे ३ बिटकॉइन आणि ४,००० मोनेरो (दुसरं एक क्रिप्टो नाणं) गेले. त्यांनी ते लपवलं नाही, ट्रेडिंग थांबवून दुरुस्त केलं, त्याबद्दल मला आदरच आहे. कोडचं काम करणाऱ्याला मात्र मला दोनपैकी दोन सुचवायला जड जातं, कारण समोरचा हट्टाला पेटला की दोघांचेही पैसे अडकून बसतात आणि 'काम नीट झालं का' हे ठरवायला तिसरा माणूस लागतोच.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट एस्क्रोवर, म्हणजे पैसे नेटवर्कवरच्या प्रोग्रॅमच्याच ताब्यात देण्यावर, थोडक्यात. टोकन देऊन टोकन घ्यायचं असेल तर त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही. पण डोमेन ट्रान्सफर झालं का, डिझाइन ठरल्यासारखं आहे का, हे कोडला दिसत नाही, तिथे परत माणूस आणावा लागतो, मग तो क्लेरोससारखा लॉटरीनं निवडलेल्या ज्युरींचा का असेना. शिवाय कोडची स्वतःची जोखीम, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिटीच्या मल्टिसिग वॉलेटची सामाईक लायब्ररी कुणीतरी नष्ट केली आणि पाच लाखांहून जास्त इथर गोठले. रक्कम यूएसडीटीत (टेदर कंपनीचं डॉलरशी बांधलेलं नाणं) असेल तर आणखी एक गोष्ट, टेदर कंपनी कुठलाही ॲड्रेस गोठवू शकते, तुमचा एस्क्रो कितीही पक्का असला तरी.

मग घ्यायचं काय? रक्कम अशी असेल की गेली तर चिडचिड होईल पण रात्रीची झोप जाणार नाही, आणि समोरच्याला वॉलेट म्हणजे फक्त एक ॲप एवढंच माहीत असेल, तर कस्टोडियल घ्या आणि मोकळे व्हा. पैसे आले की त्याच दिवशी काढून घ्या, तिथे साठवू नका, आणि मोठ्या सौद्याआधी एक छोटा सौदा करून विथड्रॉवलला किती वेळ लागतो ते बघून घ्या, कागदपत्रं मागायची वेळ त्यांना नेमकी तेव्हाच आठवते. रक्कम त्यापेक्षा मोठी असेल किंवा काम आठवडे-महिने चालणार असेल तर मी तरी मल्टिसिगशिवाय हात घालत नाही. समोरचा नकोच म्हणाला तर कामाचे तुकडे पाडतो आणि एका वेळी एकाच तुकड्याचे पैसे कस्टोडियलमध्ये अडकतील असं बघतो.

मल्टिसिगला हो म्हणणार असाल तर फीचं आधीच बोलून घ्या, कारण या ॲड्रेसवरून पैसे काढताना ट्रान्झॅक्शन नेहमीपेक्षा जड असतं आणि ती फी एस्क्रोच्या रकमेतूनच जाते. रिफंडवर आधीच सह्या करून ठेवत असाल तर नंतर फी वाढवता येईल अशी सोय त्यात ठेवा, नाहीतर नेटवर्कवर गर्दी झाली की ते ट्रान्झॅक्शन मेमपूलमध्ये (कन्फर्म व्हायची रांग) ताटकळत बसतं आणि ते बदलायला परत दोन सह्या गोळा कराव्या लागतात, त्यातली एक मध्यस्थाची नाहीतर ज्याच्याशी भांडण झालंय त्याची.