अकरा महिने, ९,२०० किलोमीटर आणि फेअरिंगचे एक लॉक

विमा कंपनीचा अंतिम निर्णय हाती आला तेव्हा दुरुस्तीच्या बिलातली जेमतेम एक तृतीयांश रक्कम मंजूर झाली होती, आणि उरलेली नाकारण्यामागचे मुख्य कारण होते माझ्या मोटरसायकलच्या डाव्या फेअरिंगच्या, म्हणजे इंजिन झाकणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, आतल्या बाजूचे, अंगठ्याच्या नखाएवढे एक लॉक. गाडी घेताना मी ते पाहिले नव्हते. म्हणूनच इंजिन, आराम आणि खर्चाबद्दल थोडक्यात लिहून या लॉकबद्दल सविस्तर लिहिणार आहे.

गाडी वापरलेली, एकाच मालकाची, तीनशे सीसीच्या आसपासची, दोन सिलिंडरची आणि पूर्ण फेअरिंगची. कावासाकीची निंजा ३०० (२९६ सीसी) किंवा यामाहाची आर३ (३२१ सीसी) ज्या वर्गातल्या, त्याच वर्गातली. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार मॉडेलबद्दल नाही. घेतली तेव्हा मीटरवर १८,४०० किलोमीटर होते.

पाहणी मी माझ्या समजुतीप्रमाणे कसून केली होती. मी पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे विक्रेत्याला आधीच सांगितले होते, कारण गरम इंजिन स्टार्टिंगची तक्रार झाकून टाकते. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री केली. टायरवरचा चार अंकी शिक्का वाचला: पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन बोटाने मागे ओढून पाहिली. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्यांवर तेलाचे ओघळ नव्हते, हँडलच्या टोकांवर आणि फूटपेगवर घासल्याच्या खुणा नव्हत्या, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडते तिथला लोखंडी ठोकळा चेपलेला नव्हता. मोठा अपघात झालेल्या गाडीत तो ठोकळा बहुधा खरे सांगतो. चासी नंबर कागदांशी जुळवला. एवढे झाल्यावर फेअरिंगवरून बाहेरून हात फिरवला, रंग एकसारखा लागला, आणि मी व्यवहार पक्का केला.

फेअरिंगच्या आत टॉर्च मारायचे मात्र राहिले. ज्यांनी नेहमी उघड्या इंजिनाच्या गाड्या वापरल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते: फेअरिंगचे पॅनेल केवळ बोल्टवर टांगलेले नसते. पॅनेलमध्येच ओतलेल्या प्लास्टिकच्या जिभा शेजारच्या पॅनेलच्या खाचेत किंवा रबरी बुशमध्ये बसतात. मेकॅनिक त्यांनाच लॉक म्हणतात. एक लॉक तुटले की त्याचा भार जवळच्या बोल्टवर येतो, इंजिनाच्या थरथरीने बोल्टच्या छिद्रापासून बारीक चीर निघते आणि ती हळूहळू वाढत जाते. बाहेरून महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही.

चौथ्या महिन्यात, पाऊस पडून गेलेल्या मऊ जमिनीवर साइड स्टँडवर उभी केलेली गाडी माझ्या डोळ्यांदेखत स्टँड रुतत रुतत डावीकडे कलंडली. ती धावत नव्हती आणि तिला कोणी धडकही दिली नव्हती. आरसा तुटला, क्लच लिव्हर वाकले, आरसा आणि हेडलाइट धरून ठेवणारी पुढची लोखंडी स्टे थोडी पिळली गेली, आणि डावे पॅनेल बोल्टपासून वीतभर चिरले. मी सर्वसमावेशक, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा, विमा घेतला होता, त्यामुळे त्या संध्याकाळी मला विशेष काळजी वाटली नाही.

विम्याच्या क्लेमसाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले, त्यांनी बाहेरचे फोटो घेतले, मग गुडघ्यावर बसून फेअरिंगच्या आत टॉर्च मारला आणि मला वाकून पाहायला सांगितले. काळ्या प्लास्टिकवर राखाडी रंगाचा, कडेला पिवळट पडलेला गोंदाचा एक गोळा होता. "मॅडम, हे लॉक आधीच तुटलेले होते, कुणीतरी ते चिकटवले आहे. चीर इथूनच निघाली आहे," ते म्हणाले. मी बोटाने तो गोळा दाबला तेव्हा त्याखालची लॉकची जीभ सैल हलली. त्यांच्या अहवालात डावे पॅनेल 'पूर्वीचे नुकसान' म्हणून वगळले गेले, आणि बिलातली सर्वांत मोठी रक्कम नेमकी त्याच पॅनेलची होती. उरलेल्या भागांपैकी प्लास्टिक आणि रबरावर माझ्या पॉलिसीप्रमाणे निम्मा घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापला गेला, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, आणि शेवटी अनिवार्य वजावट, म्हणजे क्लेममधली मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम.

पुढचे सहा आठवडे मी भांडले. विमा देताना कंपनीने गाडीचे फोटो घेतले होते आणि त्यांत पॅनेल अखंड दिसत होते, हा माझा मुद्दा होता. कंपनीचे लेखी उत्तर असे की फोटो चारही बाजूंनी बाहेरून घेतलेले आहेत, आतली बाजू त्यांत नाही. त्या दिवसांत हा अनुभव लिहिला असता तर जुन्या स्पोर्ट बाइकचा सर्वसमावेशक विमा म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असेच लिहिले असते, आणि सर्व्हेअरबद्दल आणखी कडक शब्द वापरले असते.

ते मत आता बदलले आहे, आणि तेही पॅनेल स्वतः उघडल्यावर. शाबूत लॉक धक्क्याने थोडे वाकते, खाचेतून निसटते आणि पॅनेलला जागा देते. गोंदाने चिकटवलेले तुटके लॉक अशी जागा देत नाही, म्हणून सगळा ताण चिरेत जातो. सर्व्हेअर जे म्हणाले ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. माझा राग आज एवढ्यावरच शिल्लक आहे की ज्या गाडीचा महाग भाग प्लास्टिकचा आहे तिची विम्यापूर्वीची तपासणी चार बाहेरच्या फोटोंत उरकली जाते आणि क्लेमच्या वेळी मात्र टॉर्च आत जातो.

नव्या पॅनेलवर पैसे घालायची माझी तयारी नव्हती. पॅनेलच्या आतल्या बाजूला ते कोणत्या प्लास्टिकचे आहे याचा शिक्का असतो. माझ्या पॅनेलवर 'एबीएस' होता, म्हणजे ब्रेकचे नव्हे, प्लास्टिकच्या जातीचे नाव. हे पाहणे आवश्यक आहे, कारण पॉलिप्रॉपिलीनच्या पॅनेलला एबीएसची कांडी धरत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने आधी चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडले, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चिरेवर आतून व्ही आकाराची खाच कोरून त्यात एबीएसची कांडी वितळवून भरली आणि वर स्टीलची बारीक जाळी गरम करून दाबली. जुना गोंद पूर्ण खरवडून लॉकची जीभ नव्याने घडवली. "ताई, बाहेरून रेघ दिसेल, पण हलणार नाही," असे तो म्हणाला. रेघ दिसते. त्यानंतर पाच हजारांवर किलोमीटर झाले, पॅनेल हललेले नाही.

राहिली गाडी स्वतः. तिच्याबद्दल मला मनापासून प्रेम वाटते. सहा हजार आरपीएमच्या खाली ती साधी, जरा आळशीच वाटते. आठ हजारांच्या पुढे दोन्ही सिलिंडरांचा आवाज एक होतो आणि छोट्या इंजिनाला पूर्ण पिळून काढण्याचे जे सुख मिळते ते मोठ्या इंजिनात सहसा हाती लागत नाही, कारण तिथे तोवर वेग भलताच झालेला असतो. मनगटांवर भार येतो, तो पोटाच्या स्नायूंवर घ्यायला शिकावे लागते. बाकी तेल, चेन आणि ब्रेक ऑइल वेळेवर बदलले तर खर्च फार नाही.

नूतनीकरणाच्या वेळी केवळ थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा) विमा घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. मग कागदावर हिशेब मांडला. अशा गाडीत दोन्ही पॅनेले, पुढचे नाक आणि रेडिएटर एकदम गेले तर दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) इतका जवळ जातो की गाडी पूर्ण नुकसान म्हणून काढली जाऊ शकते, आणि चोरीची भीती या वर्गात खरी आहे. हे दोन्ही फटके मला स्वतःच्या खिशातून पेलणारे नाहीत. उभ्या गाडीच्या कलंडण्याचा फटका मात्र पेलतो, आणि त्यासाठी क्लेम केला की घसारा व वजावट जाऊन हाती थोडेच येते, वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. म्हणून सर्वसमावेशक विमा ठेवला, ऐच्छिक वजावट (स्वखुशीने स्वतःवर घेतलेला जादा वाटा) वाढवून घेतली आणि हप्ता कमी केला. गाडीची विमा उतरवलेली किंमत मात्र हप्त्याच्या लोभाने खाली आणू दिली नाही.

नूतनीकरणाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी दोन्ही खालची पॅनेले उतरवली, प्रत्येक लॉकचा, प्रत्येक बोल्टच्या छिद्राचा आणि डाव्या पॅनेलवरच्या वेल्डचाही आतून फोटो घेतला, आणि 'ही दुरुस्ती विम्यापूर्वीची आहे, उरलेली सर्व लॉक शाबूत आहेत' असे लिहून चौदा फोटो कंपनीला ईमेलने पाठवले. पोच येईपर्यंत हप्ता भरला नाही. तिसऱ्या दिवशी पोच आली, त्यात चौदाही फोटो पॉलिसीच्या नोंदीला जोडल्याचे लिहिले आहे.